वडोदऱ्याचे संग्रहालय बघायला जाण्यापूर्वी





यंदाची शैक्षणिक सहल वडोदऱ्याला न्यायचे ठरले आहे. इयत्ता सातवी आणि आठवीची ४२ मुले, चार शिक्षक आणि दोन पालक असे आपण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार आहोत. तिथले सयाजीबागेतील संग्रहालय आणि चित्रदालन बघणे हा सहलीचा मुख्य हेतू आहे. हा निर्णय एकमताने झाला असे आम्ही म्हणणार नाही. बैठकीत वॉटर पार्कचा प्रस्तावही होता आणि त्याच्या बाजूने बोलणारे कमी नव्हते. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी तर सरळच विचारले, "सर, संग्रहालयात मुले अर्ध्या तासात कंटाळतात, हा आपलाच अनुभव आहे ना?"

अनुभव आपलाच आहे. तो लपवून ठेवण्यापेक्षा इथे सांगावा, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आम्ही साठ मुलांना घेऊन एका दुसऱ्या शहरातले संग्रहालय बघायला गेलो होतो. तयारी म्हणाल तर बस ठरवली, पुरी-भाजीचे डबे सांगितले आणि प्रत्येकाला वही आणायला सांगितली. साठ मुलांची एकच रांग एका दारातून आत शिरली आणि पन्नास मिनिटांत दुसऱ्या दारातून बाहेर आली. बाहेर मोजणी केली तर एक मुलगा कमी. आमच्या पोटात गोळा आला. दोन शिक्षक आत धावले. मुलगा पक्ष्यांच्या दालनात जमिनीवर बसून सुगरणीच्या घरट्याचे चित्र काढत होता. सर्वांच्या देखत आम्ही त्याला रागावलो. दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी बसमधल्या अंताक्षरीबद्दल आणि गेटाबाहेरच्या कुल्फीबद्दल लिहिले. एकीने तर "संग्रहालय फार मोठे व स्वच्छ होते" या एका वाक्यात विषय संपवला. त्या मुलाने निबंध दिलाच नाही. पुढच्या वर्षीच्या सहलीला त्याने नावही दिले नाही.

त्याची वही आम्ही नंतर बघितली. घरट्याची लोंबती नळी, आतला कप्पा, विणीच्या काड्या, सगळे काढले होते. साठ जणांत एकानेच काही बघितले आणि शिक्षा त्यालाच झाली. त्यामुळे मुले कंटाळतात हे मान्य करूनही आम्ही बैठकीत म्हणालो की कंटाळण्याची व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. या वेळी ती व्यवस्था बदलून बघू द्या. मंडळींनी मान्यता दिली, त्याबद्दल आभारी आहोत.

आता मुलांनो, तुमच्याशी बोलतो.

वडोदराच का? आपल्या इंदूरप्रमाणेच ते मराठी राजघराण्याचे शहर. होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर, तसे गायकवाडांचे वडोदरा. तिथले महाराज सयाजीराव तिसरे यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावी एका शेतकरी घरात झाला. १८७५ मध्ये दत्तक म्हणून ते वडोदऱ्याला आले, तेव्हा ते बारा वर्षांचे म्हणजे तुमच्याच वयाचे होते. पुढे १९०६ मध्ये याच महाराजांनी आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गावोगावी ग्रंथालये काढली. संग्रहालय हा त्याच कामाचा भाग होता. राजवाड्यातल्या मौल्यवान वस्तू दाखवून लोकांना दिपवावे म्हणून ते काढलेले नाही, लोकांना शिकायला मिळावे म्हणून काढलेले आहे. इमारत १८९४ साली तयार झाली. वास्तुविशारद चिझम यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. शेजारचे चित्रदालन १९१४ पर्यंत बांधून झाले, पण त्यासाठी घेतलेली चित्रे युरोपात होती आणि नेमके पहिले महायुद्ध सुरू झाले. चित्रे अडकली. दालन लोकांसाठी उघडायला १९२१ साल उजाडले. सहलीची तारीख एकदा पुढे गेली की नाराज होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, महाराजांनाही सात वर्षे थांबावे लागले होते.

या संग्रहालयाची आणखी एक गोष्ट आम्हाला आवडते. निसर्ग आणि माणूस एकाच छताखाली आहेत. एका दालनात प्राण्यांचे सांगाडे, दुसरीकडे मूर्ती, तिसरीकडे दूरदेशीच्या वस्तू. शाळेत आपण विज्ञानाचा तास वेगळा करतो, इतिहासाचा वेगळा. तिथे घंटा वाजत नाही.

सगळे बघायचे नाही, हे पहिले ठरवून टाकू. प्रत्येक गटाने तीनच वस्तू नीट बघायच्या. वेळ उरला तर भटका. या तीन वस्तूंचा पाठ आतापासूनच करायचा आहे.

पहिला देवमासा. निळ्या देवमाशाचा सुमारे ७० फूट लांबीचा सांगाडा तिथे आहे. आपल्या शाळेचा तळमजल्याचा व्हरांडा पीटीच्या सरांनी टेपने मोजला, तो ६२ फूट भरला. म्हणजे देवमासा आपल्या व्हरांड्यात मावणार नाही, शेपूट मुख्याध्यापकांच्या खोलीत येईल. १९४४ साली हा प्राणी मही नदीच्या मुखाशी येऊन अडकला होता. नकाशा काढा आणि मही शोधा. ती उगम पावते आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात, विंध्याच्या उतारावर. तिथून उत्तरेला राजस्थानात जाते, वळते, गुजरातेत उतरते आणि खंभातच्या आखातात मिळते. जाताना आणि येताना अशी दोनदा ती कर्कवृत्त ओलांडते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक आपल्या देशात सर्वांत मोठा. भरतीबरोबर आत आलेला इतका मोठा जीव ओहोटीत अडकला तर सुटणे अवघड. धारच्या डोंगरातले पाणी जिथे पोचते तिथे समुद्रातला सर्वांत मोठा प्राणी येऊन थांबला, असे म्हटले तर चुकणार नाही.

सांगाड्यासमोर गेल्यावर "बाप रे, केवढा!" एवढे म्हणून पुढे जायचे नाही. म्हणा जरूर, आम्हीही म्हणणार आहोत. मग जबडा बघा. दात दिसतात का? एवढ्या मोठ्या तोंडात दात नसतात. दातांच्या जागी झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपल्या नखांच्याच जातीच्या द्रव्याच्या. तोंडभर समुद्र घ्यायचा, पाणी झालरीतून बाहेर ढकलायचे आणि आत राहिलेले कोळंबीसारखे बारीक जीव गिळायचे, हे त्याचे जेवण. नंतर पुढचे वल्हे बघा आणि आपला हात चाचपा. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगटाची लहान हाडे, मग बोटांची. वल्ह्यात हाच क्रम आहे. आपली बोटे पाच, निळ्या देवमाशाची चार. तिथे मोजून बघा, सगळी हाडे जागेवर बसवलेली आहेत की काही नाहीत तेही लिहा. आणि एक प्रश्न घरूनच विचार करून या: हवेत श्वास घेणाऱ्या, पिलाला दूध पाजणाऱ्या या प्राण्याला आपल्या भाषेत मासा का म्हटले असेल? आमच्या मते म्हणणाऱ्याची चूक नव्हती. त्याने जेवढे बघितले होते तेवढ्यावरून ठेवलेले नाव ते.

दुसरी वस्तू, खरे तर वस्तू म्हणताना जीभ अडखळते. इजिप्तमधली ममी. सर्वांत जास्त उत्सुकता तिचीच आहे हे आम्हाला ठाऊक आहे. आठवीच्या वर्गात भुताच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत हेही कानावर आले. प्राचीन इजिप्तच्या लोकांची श्रद्धा अशी की मेल्यानंतरच्या प्रवासात शरीर लागते, म्हणून ते टिकवायचे. पोटातले अवयव काढत, हृदय मात्र बहुधा ठेवत. शरीर नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात ठेवून त्यातले पाणी शोषून घेत. नंतर लिननच्या पट्ट्या गुंडाळत. सगळ्याला सुमारे सत्तर दिवस लागत. यात जादू काही नाही. आजी कैरीला मीठ लावून उन्हात ठेवते, तेव्हा ओलावा गेला की कुजणे थांबते, तेच तत्त्व.

परंतु कैरी ती कैरी आणि माणूस तो माणूस. काचेच्या पलीकडे कोणाची तरी मुलगी किंवा कोणाचा तरी मुलगा आहे. घरच्यांनी रडत रडत, पैसे खर्चून, विधी करून पाठवणी केली होती. ते शरीर हजारो मैलांवर आपल्यासमोर काचेत येईल याची त्यांना कल्पनाही नव्हती. असे ठेवावे की ठेवू नये, यावर जगभर वाद चालू आहे. आम्ही या बाबतीत निकाल देणार नाही. गेल्या आठवड्यात प्रार्थनेनंतर हा प्रश्न मांडला तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्या पणजीला कोणी असे ठेवले तर?" सभागृह एकदम शांत झाले. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "पण नाही ठेवले असते तर आपल्याला ते लोक कसे होते हे कळले असते का?" दोघांचे बरोबर आहे. हा वाद सहलीहून आल्यावर वर्गात होईल, दोन्ही बाजूंनी बोलायला नावे घेणार आहोत. तिथे मात्र एवढेच: ममीसमोर मोबाइलवर स्वतःचे फोटो काढायचे नाहीत, हसायचे नाही. हा आमचा नियम आहे, संग्रहालयाचा असो वा नसो.

तिसऱ्या अकोट्याच्या मूर्ती. या आकाराने लहान, म्हणून घाईत राहून जातील अशी आम्हाला सर्वांत जास्त भीती यांचीच. विश्वामित्री नदीकाठी अकोटा नावाचा भाग आहे, आज तो वडोदरा शहरातच येतो. तिथे १९५१ साली जमिनीतून जैन धातुमूर्तींचा साठा मिळाला, ६८ मूर्ती. पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढे काही शतके घडत गेलेल्या. काहींवर त्या अर्पण करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत स्त्रियांची नावेही आहेत. डॉ. उमाकांत शहा यांनी या मूर्तींचा अभ्यास करून १९५९ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. गंमत अशी की त्या काळी मोठे गाव अकोटा, तेव्हाचे अंकोट्टक. इ. स. ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक हे अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक गाव म्हणून येते. तेच वडपद्रक पुढे वाढत वाढत वडोदरा झाले आणि मोठे गाव त्याचा मोहल्ला होऊन बसले.

मूर्ती कशी घडवली असेल? मेणाची हुबेहूब मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा थर द्यायचा, वाळवायचा, तापवायचा. मेण वितळून भोकातून बाहेर येते आणि आत पोकळी राहते. तिच्यात वितळलेला धातू ओतायचा, थंड झाल्यावर माती फोडायची. साचा फुटतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. आपल्या संस्कृत ग्रंथांत याला मधूच्छिष्ट विधान म्हटले आहे, म्हणजे मध काढून उरलेल्या मेणाची रीत. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात ती दिलेली आहे. बैतूल आणि बस्तरकडचे कारागीर आजही याच रीतीने घोडे, दिवे करतात, आपल्या मेळ्यांत ते विकायला येतात. चित्रकलेच्या बाई या महिन्यात मेणबत्तीच्या मेणाचा लहान मासा करून घेणार आहेत. धातू नाही ओतायचा, प्लास्टर ओतायचे. हात भाजला तर आम्हाला घरी उत्तर द्यावे लागते.

चित्रदालनात आपण एकच चित्र निवडून त्यासमोर बसू. कोणते, ते तिथे ठरवू. राजा रविवर्म्यांची प्रसिद्ध चित्रे बघायची असतील तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंहराव संग्रहालय आहे, ते वेगळे. दोन्ही एका दिवसात नको. तसेच काही पालकांनी सुचवले की दोनेक तासांवर बालासिनोरला डायनासोरचे जीवाश्म आहेत, तेही उरकून घ्यावे. उरकून घ्यावे हा शब्दच आम्हाला नको आहे. नर्मदेच्या नावाचा राजासॉरस जिथे सापडला ती जागा स्वतंत्र सहलीच्या लायकीची आहे.

आता भाषेची गोष्ट. तिथल्या पाट्यांवर गुजराती भेटेल. घाबरू नका. गुजराती लिपी ही आपल्या देवनागरीची बहीण, डोक्यावरची रेघ काढून ठेवलेली. ग, त, प, म, न, र ही अक्षरे रेघेशिवाय लिहून बघा, ओळखीची वाटतील. क, ख, च, ज, ब, ल यांची वळणे जरा वेगळी, ती तक्त्यावर लावली आहेत. रोज पाच मिनिटे. तुमची कार्यपत्रिका मात्र मराठीत आहे. इथे एक कबुली देतो. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले. घरात मराठी, कागदावर हिंदी, असेच आयुष्य गेले. संग्रहालयाला अजूनही मनात आधी अजायबघर म्हणतो आणि मग मराठी शब्द आठवतो. कार्यपत्रिका लिहिताना मेरुदंड लिहिला होता, मराठीच्या बाईंनी पाठीचा कणा केला. जबडा, कणा, फासळी, खुबा, हे शब्द आपल्या मुलांना घरी ऐकायला मिळतातच असे नाही. आजी-आजोबा असतील तर विचारा. देवमाशाच्या पायथ्याशी उभे राहून शिकलेला "कणा" विसरला जाणार नाही, असा आमचा अंदाज आहे. वडोदऱ्याला तिथली मराठी मुलेही भेटतील. त्यांच्या मराठीत गुजराती डोकावते, आपल्या मराठीत माळवी. कोणी कोणाला हसू नये, आणि हसलात तर दोघांनी मिळून हसा.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. मुलांचे सात-सात जणांचे सहा गट असतील, प्रत्येक गटाबरोबर एक मोठा माणूस. सर्व गट एकाच दालनात एकदम जाणार नाहीत. कोणता गट कुठून सुरुवात करेल त्याचा कागद गटप्रमुखाकडे असेल. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात, पण सगळीकडे एकच नियम नाही, सणाच्या सुट्ट्याही वेगळ्या. म्हणून आम्ही संग्रहालयाला पत्र लिहिले आहे आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करून कोणती दालने उघडी आहेत ते विचारू. दुरुस्तीसाठी एखादे दालन बंद असू शकते. तसे निघाले तर वस्तू बदलू, सहल रद्द करणार नाही. पावसाळा टाळून डिसेंबर घेतला त्याचे कारण विश्वामित्री. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या पुराने वडोदऱ्याचा मोठा भाग पाण्यात होता आणि मगरी वस्तीत शिरल्या होत्या. होय, नदीत मगरी आहेत, भर शहरात. पुलावरून दिसल्या तर दिसल्या. काठावर कोणीही जायचे नाही, याला अपवाद नाही.

सराव म्हणून त्याआधी एका शनिवारी आपण आपल्याच आगरा-मुंबई रस्त्यावरच्या केंद्रीय संग्रहालयात जाऊ. हिंगलाजगढच्या परमारकालीन मूर्ती तिथे आहेत. आपल्यापैकी किती जण रोज त्या रस्त्याने जातात आणि आत किती जण गेले आहेत, हे आम्ही वर्गात विचारले. ४२ पैकी पाच हात वर आले. शिक्षकांना विचारले नाही. त्या शनिवारी एकाच मूर्तीसमोर पंधरा मिनिटे बसायचे, पाटी वाचायची नाही, फक्त बघून दहा गोष्टी लिहायच्या. पाटी शेवटी वाचायची. पहिल्या तीन मिनिटांनंतर काही सुचत नाही असे वाटेल, आम्ही स्वतः करून बघितले आहे. सहाव्या-सातव्या मिनिटाला पुन्हा दिसू लागते.

पालकांना एक विनंती. घरी आल्यावर "मजा आली का, काय खाल्ले?" याच्या आधी "काय बघितलेस, काढून दाखव" असे विचारा. चित्र वाईट आले तरी चालेल.

आणि विश्वस्त मंडळींना एक. वर्गणी दर मुलामागे २,२०० रुपये आहे. सात घरांतून संमतीपत्र आलेले नाही, आणि आम्हाला कारण ठाऊक आहे. त्या मुलांची नावे फलकावर लागणार नाहीत, कोणाला वेगळे बोलावले जाणार नाही. शिक्षकांनी मिळून तीन मुलांचे पैसे जमवले आहेत. उरलेल्या चौघांचे काय करायचे ते येत्या बैठकीत ठरावे. ४२ चा आकडा आम्ही या सातांना धरूनच लिहिला आहे.

सुगरणीच्या घरट्याचे चित्र काढणारा तो मुलगा आता कॉलेजात आहे. त्याला आम्ही फोन केला, झाल्या गोष्टीची माफी मागितली आणि सहलीला आमच्याबरोबर स्वयंसेवक म्हणून चल असे म्हटले. परीक्षेच्या तारखा बघून सांगतो म्हणाला. अजून उत्तर यायचे आहे.

संमतीपत्रे ३० तारखेपर्यंत वर्गशिक्षिकांकडे द्यावीत. प्रत्येकाने दोन पेन्सिली, खोडरबर आणि पुठ्ठ्याची पाठ असलेली कोरी वही आणावी. पेन आणू नये, काचेवर आणि भिंतीवर शाई लागते. गाडीच्या वेळेचे आणि मुक्कामाचे पत्रक वेगळे मिळेल.